एप्रिलमधलं गुलमर्ग आणि स्कीइंग: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

शिमगा झाला की माझ्या फोनवर हे प्रश्न यायला लागतात. टिळकवाडी, शहापूर, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडून. कारण साधं आहे. मार्चभर आपल्याकडे परीक्षा असतात आणि शाळांना सुट्टी लागते ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे आपण गुलमर्गला पोचतो तेव्हा हंगाम सरत आलेला असतो. या दिवसांतला बर्फ जानेवारीच्या बर्फासारखा वागत नाही, हवाही तशी नसते, आणि जानेवारीत जाऊन आलेल्यांचा सल्ला इथं फारसा उपयोगी पडत नाही. मी पाच एप्रिल तिथं काढले आहेत. त्यातून जे शिकले ते इथं एकत्र करून ठेवते.

१. एप्रिलमध्ये स्कीइंग करण्याइतका बर्फ असतो का हो? की नुसता चिखल बघून परत यायचं?

असतो, पण वर. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३,०८० मीटरच्या आसपास नेतो, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली मैदानात पारा १० वर असेल तर वर तो एक-दोन अंशांवर असतो. म्हणून खाली गवत दिसायला लागलं तरी वरचा बर्फ एप्रिलभर तग धरतो.

अडचण नवशिक्यांची होते, कारण शिकायचे सोपे उतार खालच्या मैदानात आहेत आणि तेच आधी वितळतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर एप्रिलचा पहिला आठवडा गाठा. ज्यांना वळता आणि थांबता येतं त्यांनी महिन्याच्या मध्याला गेलं तरी चालेल. मुलांच्या सुट्टीमुळे १० तारखेच्या आधी निघताच येत नसेल, तर निघण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला फोन करून खाली बर्फ किती उरलाय ते विचारा. गेल्या वर्षीचे फोटो बघून ठरवू नका.

२. मनाली किंवा औली का नको? ते दिल्लीहून जवळ पडतं की.

एप्रिलसाठी नको. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या पट्ट्यात आहेत आणि तिथला हंगाम बहुतेक मार्चमध्येच आटोपतो. मनालीजवळचं सोलंगही खालीच आहे. एप्रिलमध्ये मनालीकडून बर्फ बघायला लोक अटल बोगद्यापलीकडे जातात खरे, पण ते खेळणं झालं, स्कीइंग नव्हे. लिफ्टनं इतक्या उंचीवर नेऊन सोडणारं दुसरं ठिकाण आपल्या देशात नाही.

३. बेळगावहून जायचं कसं?

सांबऱ्याहून विमानानं दिल्ली, तिथून श्रीनगर. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा दोन विमानांमध्ये भरपूर वेळ राखा. रेल्वेनं जायचं तर गोवा एक्सप्रेस बेळगावहून हजरत निजामुद्दीनला साधारण दीड दिवसात पोचवते. पुढे कटरा, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही धावते. याचा एप्रिलमध्ये फार उपयोग होतो, कारण वसंतातल्या पावसात जम्मू-श्रीनगर महामार्गावर रामबनजवळ दरडी कोसळतात आणि माणसं दिवसच्या दिवस अडकून पडतात. श्रीनगर ते गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. ताजा बर्फ पडला असेल तर वाटेतल्या टंगमर्गला गाडी बदलावी लागते किंवा चाकांना साखळ्या लावाव्या लागतात.

परतीचं तिकीट स्कीइंगच्या शेवटच्या दिवसाला चिकटून काढू नका. मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. तो का, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

४. तुम्ही सारखं "बर्फ वाफशावर आला" म्हणता. म्हणजे नेमकं काय?

शेतकऱ्याच्या घरातल्यांना हे समजवावं लागत नाही. पावसानंतर रान लगेच नांगरलं तर चिखल होतो, फार उशीर केला तर ढेकळं फुटत नाहीत. मधे एक वेळ येते, माती ओली असते पण हाताला चिकटत नाही. तो वाफसा. वसंतातल्या बर्फालाही अगदी तसाच वाफसा असतो, फक्त तो रोज येतो आणि दोन-तीन तासांत जातो.

दिवसा उन्हानं बर्फाचा वरचा थर वितळतो. रात्री ते पाणी गोठतं. असं रोज होत गेलं की बर्फाचे बारीक कण एकमेकांत मुरून जाडसर, गोल दाणे तयार होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि उतार फरशीसारखा टणक होतो. त्यावर स्कीची धार रुतत नाही, नुसता खरखर आवाज येतो. ऊन चढलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे होतात. मूठभर उचलून बघा. नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा तो दिसतो, दाणा ओला पण सुटा. हाच वाफसा. या बर्फावर स्की अलगद वळते, तोल गेला तरी सावरायला वेळ मिळतो, आणि पडलात तर लागत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याला याहून चांगला बर्फ वर्षभरात मिळत नाही. पुढे पाणी जास्त झालं की त्याच साबुदाण्याचा गिच्च गोळा होतो. स्की मधेच धरली जाते, गुडघ्याला पीळ बसतो. एप्रिलमधल्या बहुतेक दुखापती मी या गोळा झालेल्या बर्फात झालेल्या पाहिल्या आहेत, दुपारी एकनंतरच्या.

५. मग एक दिवस कसा आखायचा? किती वाजता काय?

मी असा आखते. साडेसहाला उठून बाहेरच्या बर्फावर टाच मारायची. टक्क आवाज आला, टाच रुतली नाही, तर दिवस चांगला. आठला भरपेट नाश्ता. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली असावीत, कारण सुट्टीत जागेवर मिळतीलच असं नाही. पहिल्या फेरीत घाईनं सगळ्यात वर जाऊ नका, तेव्हा तिथं फरशी असते. कोंगडोरीच्या सोप्या उतारावर अंग मोकळं करा.

अफरवटचा गुलमर्गकडचा उतार साधारण पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे त्याला ऊन लवकर लागतं आणि त्याचा वाफसाही लवकर येतो. निरभ्र दिवशी साधारण साडेनऊ ते साडेअकरा ही खरी वेळ. बारा वाजता मी खाली निघते. ऊन कितीही छान असलं, तिकिटाचे पैसे कितीही गेलेले असले तरी. दुपारी जेवा, झोपा, सेंट मेरी चर्चपर्यंत चालत जाऊन या. अडीच तास मन लावून केलेलं स्कीइंग पायांना पुरेसं होतं.

६. सकाळी आकाश निळंशार होतं आणि बाराला समोरचा माणूस दिसेना. असं कसं काय?

आपल्याकडचा वळीव आठवा. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं आभाळ, वारा, आणि गारा. एप्रिलमध्ये गुलमर्गच्या पीर पंजाल डोंगररांगेवरही दुपारी असंच आभाळ भरून येतं, फक्त लवकर आणि झपाट्यानं. जमीन तापली की ओली हवा डोंगराच्या अंगानं वर चढते आणि अकरापासूनच माथ्यावर कापसासारखे ढग दिसायला लागतात. ते रुंद होत गेले तर फार काळजी नाही. उंच होत गेले, फुलकोबीसारखे, तर खाली निघायची वेळ झाली.

दुसरं कारण मोठं आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे पश्चिमी विक्षोभ. काश्मीरला हिवाळ्यात बर्फ देणारे तेच, आणि ते मार्च-एप्रिलमध्येही येत राहतात. विक्षोभ आला की एक-दोन दिवस, कधी तीनही, सलग आभाळ, खाली पाऊस आणि वर बर्फ. त्याचा अंदाज तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी मिळतो. हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज संध्याकाळी बघा. दुपारच्या ढगांचा अंदाज मात्र असा आधी मिळत नाही, तो डोळ्यांनीच घ्यावा लागतो.

म्हणून मोकळा दिवस ठेवायचा. चार दिवस राहिलात तर दोन चांगले मिळतील असं धरून चला.

७. वरचा टप्पा बंद ठेवला तर आमचे पैसे बुडाले का? ओळखीनं काही होतं का?

परताव्याचे नियम तिकीट काढतानाच वाचून घ्या. ओळखीचा मार्ग शोधू नका. वारा, वीज किंवा हिमस्खलनाची शक्यता असली की वरचा टप्पा बंद ठेवतात, आणि तसं असताना वर पोचलेला माणूस खाली कसा आणायचा हा प्रश्न तिथल्या स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या माणसांच्या जिवावर येतो. त्या दिवशी कोंगडोरीपर्यंतच स्की करा.

८. कपडे काय न्यायचे? एप्रिल आहे, स्वेटर पुरेल का?

पुरत नाही, आणि जाड कोट घालून घामाघूम होणंही बरं नव्हे. तीन थर करा. अंगाला थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सूत घाम धरून ठेवतं आणि ढग आला की तेच ओलं कापड अंगाला गारठवतं. आमच्याबरोबरच्या एकानं थर्मलच्या आत सवयीनं बनियन घातलं होतं. गोंडोलात बसल्यावर तो थडथडत होता, बाकीचे ठीक होते.

हातमोजे दोन जोड. वसंतातला बर्फ ओला असतो, एक जोड अकरापर्यंत भिजतोच. टंगमर्गला भाड्यानं मिळणारे लांब कोट आणि गमबूट फिरण्यापुरते ठीक आहेत, स्की करताना त्यांचा काही उपयोग नाही.

खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा. कुंदाही नेते मी, पण तो वर थंडीनं घट्ट होतो, आतल्या खिशात ठेवावा लागतो.

९. ऊन एवढं लागतं का? ढग असले तर गॉगल काढला तर चालतो का?

चालत नाही. उंचीवर हवेचा थर पातळ, त्यात ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं. ढगातूनही हे किरण येतात. डोळ्यांना झालेला त्रास लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी, रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. गॉगलच्या दोन काचा न्या, उन्हासाठी गडद आणि ढगासाठी पिवळसर. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या कडेला, हनुवटीच्या खाली आणि कानांच्या मागे लावा. पहिल्या वर्षी माझ्या हनुवटीखालची कातडी सोलून निघाली, कारण तिथं ऊन लागेल असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

१०. आम्ही कधीच स्की केलेलं नाही. एका दिवसात येईल का?

थांबायला येईल. वळायला तीन दिवस धरा. पहिला धडा म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं दूर करून नांगराच्या फाळासारखा आकार करणं. त्यानं वेग आवरतो. अंग मागे टाकलं की स्की ताब्यात राहत नाही, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली हवी. हे एक वाक्य पाठ करून जा. नोंदणीकृत प्रशिक्षक घ्या. टंगमर्ग-गुलमर्गची पोरं लहानपणापासून स्कीवर वाढलेली असतात, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरलेला आरिफ खान त्याच भागातला. जास्त दिवस असतील तर तिथं भारत सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थाही आहे, तिचे अभ्यासक्रम असतात.

११. भाड्याचं सामान ठीक आहे की नाही, कसं ओळखायचं?

बूट आधी. बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत, टाच मात्र उचलली जाऊ नये. एकच मोजा घाला, दोन नाही. स्की उभी धरल्यावर नवशिक्याच्या हनुवटीपर्यंत यावी. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगवर आकडा असतो, तो तुमचं वजन आणि कौशल्य सांगून दुकानदाराकडून तुमच्यासमोर लावून घ्या. तो जास्त घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही, आणि ओल्या बर्फात न सुटलेली स्की गुडघा घेऊन जाते. स्कीच्या तळव्यावरून हात फिरवा, खरखरीत आणि पांढरट लागला तर मेण लावून मागा. एप्रिलमध्ये मेण नसलेली स्की चुंबकासारखी चिकटते.

१२. आईला घेऊन जावं का? वय ६२ आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे.

कोंगडोरीपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही. त्याच्या वर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, तिथून दोन दिवसांत ३,९५० मीटरवर जाणं शरीराला फार होतं. पहिला दिवस गुलमर्गमध्येच काढा, पाणी पीत राहा. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर उपाय एकच, खाली येणं. लहान मुलांनाही हेच लागू आहे, आणि ती सांगत नाहीत, नुसती गप्प होतात. त्याकडे लक्ष ठेवा.

१३. आमच्याकडे कर्नाटकचं सिम आहे, भावाकडे चंदगडचं, महाराष्ट्राचं. कुठलं चालेल? आणि आधारवर कन्नड आहे, अडवतील का?

दोन्हींपैकी जे पोस्टपेड असेल ते चालेल. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथं बंद पडतं, मग ते बेळगावचं असो की चंदगडचं. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. आधारवर कन्नडच्या जोडीला इंग्रजीतही नाव असतं, तेवढं पुरतं. पत्त्यात बेळगावचं जुनं स्पेलिंग आहे की नवं, यानंही फरक पडत नाही. तिकिटावरचं नाव मात्र आधारसारखंच लिहा.

१४. सुरक्षिततेचं काय?

हा प्रश्न २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर प्रत्येक घरातून येतो, आणि तो विचारायलाच हवा. त्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद होती. निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना बघा आणि बंद असेल तिथं जाऊ नका. अफरवटच्या माथ्यापलीकडे नियंत्रण रेषा जवळ आहे, तिथं सैन्याचा वावर असतो. माथा ओलांडून फोटो काढायला जाऊ नका. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते निघताना एवढंच सांगायचे, "जवान थांब म्हणाला की तिथंच थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही."

१५. ढगात सापडलो तर काय करायचं?

थांबायचं आणि एकमेकांच्या हाकेत राहायचं. वर पांढरं, खाली पांढरं, उतार कुठं आहे ते कळत नाही. मी एकदा अशीच उभी होते, निदान मला तसं वाटत होतं. काठीच्या टोकाजवळून बर्फाचे कण मागे जाताना दिसले तेव्हा कळलं की मी सरकतेय. अशा वेळी पोटातून ढवळतं, ते साहजिक आहे. आखलेल्या वाटेच्या कडेच्या खुणा किंवा लिफ्टचे खांब धरून, स्की आडव्या करून, घसरत घसरत थोडं थोडं खाली यायचं. गडद जॅकेटवाल्याला पुढे ठेवा, त्याच्याकडे बघून उतार समजतो.

१६. विजा चमकायला लागल्या तर?

माथा आणि उघडी धार सोडा, खांबापाशी उभं राहू नका. हातातल्या काठ्या गुणगुणायला लागल्या किंवा केस उभे राहिले तर वीज अगदी जवळ आहे. विजेत गोंडोला थांबवतात, त्यामुळे गडगडाट ऐकून खाली निघायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. प्रश्न ६ मधले फुलकोबीचे ढग हीच सूचना समजा.

१७. रात्री आभाळ होतं. सकाळी टाच मारली तर रुतली. तरी जावं का?

हा सगळ्यात अवघड दिवस, आणि नेमका फसवा, कारण सकाळी हवा छान असते. एप्रिलमध्ये बर्फ गोठायला नुसती थंडी पुरत नाही, निरभ्र आकाश लागतं. आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या जराशी वर असली तरी गोठतो. ढगांनी पांघरूण घातलं की गोठत नाही. आपल्याकडेही आभाळ असलेल्या रात्री दहिवर पडत नाही, त्याचं कारण हेच. अशा दिवशी बर्फ आदल्या दुपारसारखाच ओला राहिलेला असतो, त्याला वाफसा येत नाही आणि खालचे थर कमकुवत होत जातात. आखलेल्या सोप्या उतारावर थोडा वेळ स्की करा. उंच, तीव्र उतार त्या दिवशी सोडा.

१८. आम्ही आखलेल्या पट्टीवरच राहणार. मग हिमस्खलनाची भीती नाही ना?

पट्टीवर ती बरीच कमी असते, कारण तिथं स्की पेट्रोल रोज तपासणी करतं. पट्टीच्या दोरीपलीकडे एक पाऊलही वेगळी दुनिया आहे. २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला परदेशी, अनुभवी स्कीअर हिमस्खलनात गेले. वसंतात ओल्या बर्फाची स्खलनं होतात, बहुतेक दुपारी. उतारावरून आपोआप गुंडाळत येणारे बर्फाचे चेंडू, घोट्याच्या वर रुतणारा पाय, खडकांच्या खालून सुटणारे छोटे लोट, यातलं एक दिसलं तरी तीव्र उताराच्या खालून हला. तिथं थांबून जेवायला बसू नका.

पट्टीबाहेर जायचंच असेल तर स्थानिक गाइड, प्रत्येकाकडे ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), शोधकाठी आणि फावडं, आणि ते वापरण्याचा सराव हवा. गाडलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलं तर आशा असते, त्यामुळे वाचवणारे तुमचेच सोबती असतात, दुसरं कोणी वेळेत पोचत नाही.

१९. आदल्या दिवशी विक्षोभानं वर फूटभर ताजा बर्फ टाकला. सगळे म्हणतात नशीब काढलं. खरं का?

पहिल्या सकाळी नऊपर्यंत, आखलेल्या उतारावर, खरं. तो बर्फ गुळगुळीत गोठलेल्या जुन्या थरावर पडलेला असतो आणि एप्रिलचं ऊन त्याला दोन तासांत जड करतं. जानेवारीत ताजा बर्फ दिवसभर भुसभुशीत राहतो, इथं दहालाच तो ओल्या पिठासारखा होतो आणि अख्खा थर जुन्यावरून सरकू शकतो. पेट्रोलनं वरचा टप्पा उघडला नसेल तर त्यांचं हेच कारण असतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रात्र निरभ्र गेली, तर टाच मारून बघा आणि प्रश्न ५ पासून पुन्हा सुरुवात करा.